साळुंकीची समुद्रयात्रा

बंगळूरहून बळ्ळारी रस्त्याने उत्तरेकडे निघाले म्हणजे हेब्बाळच्या बाजूस एक सरकारी संस्था लागते. किड्यांकडून किड्यांचा नाश कसा करवावा, ही विद्या तेथे अभ्यासली जाते. १९५७ साली राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय ठाणे बंगळुरास उघडले, तेव्हापासून या विद्येची वस्ती या शहरात आहे. पुढे १९९३ साली त्याच परंपरेत केंद्र शासनाचे जैविक नियंत्रण संचालनालय येथे स्थापन झाले, आणि नावात दोन वेळा फेरफार होऊन आज त्यास राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणतात. या विद्येचा नमुना म्हणून एखादा कागदाचा तुकडा आपल्या हाती दिला जातो. त्यावर खसखशीहून बारीक अशी अंडी चिकटविलेली असतात, आणि त्यांतून बाहेर पडणारी ट्रायकोग्रामा नावाची माशी इतकी लहान असते की भिंगाशिवाय तिचे पंख दिसावयाचे नाहीत. ही माशी उसावरील व कपाशीवरील पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते, आणि अळी जन्मास येण्यापूर्वीच तिचा निकाल लागतो.

हे सारे पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. पण अशा कोणत्याही कचेरीच्या आवारातील हिरवळीकडेही आपण क्षणभर पाहावे. पिवळ्या चोचीची, पिवळ्या पायांची, तपकिरी अंगाची साळुंकी तेथे एखाद्या वसुली कारकुनाच्या रुबाबात पावले टाकीत असते. चार पावलांनी ती मान तिरकी करते, गवतात चोच घालते, आणि चोच वर येते तेव्हा तीत बहुधा काहीतरी वळवळत असते. तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक या खात्यातील सर्वांत जुनी नोकर ती. परदेशी नेमणूक झालेली पहिली तीच, आणि चौकशी होऊन दोषी ठरलेली पहिलीही तीच. तिच्या या नोकरीचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

मराठीत साळुंकी, कन्नडात गोरवंक. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६६ साली तिला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा तिला स्वर्गीय पक्ष्यांच्या कुळात बसविले आणि वर 'ट्रिस्टिस' म्हणजे उदास असे विशेषण जोडले. ज्याने संध्याकाळी वडावर जमलेल्या साळुंक्यांचे भांडण ऐकले आहे, त्याला ही दोन्ही अनुमाने चुकीची वाटतील. पुढे एकोणिसाव्या शतकात तिचे कूळ बदलले आणि 'ॲक्रिडोथेरिस' हे नाव आले. या ग्रीक शब्दाचा अर्थ टोळांची शिकार करणारा. हे नाव पडण्यापूर्वीच तिने ते सार्थ केले होते.

अठराव्या शतकात मॉरिशस बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते. तेथे तांबड्या टोळांनी पिकांचा फडशा पाडावयास सुरुवात केली. औषधे तेव्हा नव्हती. माणसे लावून टोळ वेचणे हा एकच उपाय, आणि तो समुद्र ओंजळीने उपसण्यासारखा. तेव्हा १७६२ साली हिंदुस्थानातून साळुंक्या तेथे नेण्यात आल्या. १७७०च्या सुमारास हा प्रयोग यशस्वी झाल्याचे मानले जाऊ लागले. किडीचा नाश व्हावा एवढ्याच हेतूने एका देशातून दुसऱ्या देशात नेलेला हा पहिला जीव, असे जैविक नियंत्रणाच्या ग्रंथांत नमूद असते. म्हणजे ज्या विद्येसाठी हेब्बाळला प्रयोगशाळा उभी आहे, तिचा श्रीगणेशा एका हिंदी पक्ष्याने केला.

शेजारच्या बुर्बों बेटावर, ज्याला आज रेयुनियाँ म्हणतात, याहून मनोरंजक प्रकार घडला. बुफोंच्या पक्षिविषयक महाग्रंथात त्याची हकीकत आहे. मादागास्करहून आणलेल्या रोपांच्या मातीतून टोळांची अंडी बेटावर आली, असे तो सांगतो. अधिकाऱ्यांनी साळुंक्यांच्या काही जोड्या मागविल्या. त्या बऱ्यापैकी वाढल्या, टोळ कमी होऊ लागले. इतक्यात नव्याने पेरलेल्या शेतांत हे पक्षी जमीन उकरताना लोकांच्या दृष्टीस पडले. ते बी खातात असा वसाहतवाल्यांचा समज झाला, तक्रार गेली, पक्ष्यांच्या बाजूचे म्हणणे कोणी फारसे ऐकले नाही, आणि त्यांच्या नाशाचा हुकूम निघाला. हुकमाची अंमलबजावणी तत्परतेने झाली. बेटावर साळुंकी उरली नाही. मग टोळ पुन्हा वाढले, आणि लोकांना पश्चात्ताप झाला. काही वर्षांनी थोडे पक्षी पुन्हा आणण्यात आले. या खेपेस त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. एवढेच नव्हे, तर त्यांचे मांस प्रकृतीस अपायकारक आहे असे वैद्यांकडून जाहीर करविण्यात आले. ज्या कोणा अधिकाऱ्याने ही शेवटची युक्ती काढली, त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असली पाहिजे. जे काम कायद्याने होईना, ते वैद्यांच्या तोंडून करविले!

गोष्ट येथे थांबली असती तर ती पाठ्यपुस्तकात घालण्यासारखी होती. पण बुफों पुढेही लिहितो. टोळ संपले, पक्षी मात्र अतोनात वाढले. मग ते फळांवर तुटून पडले, धान्यावर आले, कबुतरांची पिले मारू लागले. ज्यांना रक्षक म्हणून आणले, त्यांच्यापासून रक्षण करण्याची वेळ आली.

पुढे १८३४पासून इंग्रजी अमलाखालील मॉरिशसमध्ये हिंदुस्थानातून करारावर मजूर नेऊ लागले, आणि त्यांत मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात. जहाजातून उतरून उसाच्या मळ्यात पहिल्या दिवशी उभा राहिलेल्या त्या मजुराला झाडे अनोळखी, भाषा अनोळखी, मुकादम अनोळखी. आणि चिखलात पावले टाकणारी साळुंकी मात्र थेट आपल्या परड्यातली! ती आपल्या आधी सत्तर-ऐंशी वर्षे, त्याच धन्यासाठी, त्याच पिकाच्या कामावर येथे आणली गेली आहे, हे त्याला कोण सांगणार?

मॉरिशसचा अनुभव जमेस धरून जगाने शहाणे व्हावे, तसे झाले नाही. १८६२पासून पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या भाजीमळ्यांसाठी साळुंक्या नेल्या, आणि तेथून त्या क्वीन्सलंडच्या उसात पोहोचविल्या. १८६५ साली हवाई बेटांवर डॉक्टर हिलेब्रांड या जर्मन गृहस्थांनी त्या नेल्या. पिकांवरील लष्करी अळीचा बंदोबस्त व्हावा हा उद्देश. याच गृहस्थांनी सात वर्षे आधी, १८५८ साली, शोभेचे फुलझाड म्हणून हवाईत घाणेरी आणली होती. घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, ती आपल्या परिचयाची आहे. तिची काळी गोल फळे पक्ष्यांना आवडतात आणि बिया त्यांच्या पोटातून दूरवर जातात. साळुंक्यांनी अळ्या खाल्ल्या असतील. पण घाणेरीची फळेही खाल्ली, आणि चीनहून आलेल्या कवड्यांच्या साथीने बेटांच्या कुरणांवर तिची पेरणी केली. ज्या हातांनी बी आणले त्याच हातांनी पेरणाराही आणला, असा हा योग.

याचा पुढचा अंक आपल्या देशापर्यंत येतो. घाणेरी आवरेना तेव्हा हवाईच्या लोकांनी १९०२ साली आल्बर्ट कोबेल या कीटकशास्त्रज्ञास तिच्या मूळ देशी, मेक्सिकोत, पाठविले. तेथून तो घाणेरीचे शत्रू असलेले कीटक धाडू लागला. त्यांत तिच्या फळांत वाढणारी एक लहान माशी होती. हिंदुस्थानातही घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठीच आली होती आणि रानोमाळ झाली होती. म्हणून १९२१ साली हवाईहून ती माशी येथे आणण्यात आली. हिंदुस्थानातून गेलेल्या पक्ष्याने जे रान वाढविले, ते आवरण्यासाठी शोधलेली माशी शेवटी हिंदुस्थानात येऊन पोहोचली! माशीने तिच्याकडून होईल तेवढे केले. बंदीपूरच्या आणि बन्नेरघट्टाच्या जंगलांत आजही घाणेरी पाहिली म्हणजे ते फारसे नव्हते हे कळते.

कोबेल मेक्सिकोच्या रानात फिरत होता त्याच १९०२ साली पक्ष्यांविषयी निराळ्या दिशेनेही विचार चालू होता. मार्च महिन्यात पॅरिस येथे युरोपातील काही राष्ट्रांनी शेतीस उपयुक्त पक्ष्यांच्या रक्षणाचा करार केला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठविण्यास बंदी केली. शहामृगाची पिसे व शास्त्रीय नमुने तेवढे वगळले. लंडन-पॅरिसच्या स्त्रियांच्या टोप्यांसाठी बगळे, नीळकंठ, खंड्या यांची तेव्हा बेसुमार कत्तल चालली होती. आता नीळकंठ काय खातो ते पाहा. तारेवर बसून नाकतोडे, भुंगेरे आणि क्वचित सरडा. बगळा गुरांच्या पायांशी चालतो तो उडणारे किडे टिपण्यासाठी. हे पक्षी टोपीवर गेले म्हणजे किडे शेतात राहतात, हा हिशेब त्या बंदीमागील कारणांपैकी एक होता. दहा वर्षांनी, १९१२ साली, बिहारातील पुसा येथून मेसन यांचा हिंदी पक्ष्यांच्या आहाराविषयीचा ग्रंथ लेफ्रॉय यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाला. पक्षी मारून त्यांच्या पोटातील अन्न दाण्या-दाण्याने, किड्या-किड्याने मोजावयाचे, आणि कोण शेतकऱ्याचा मित्र व कोण शत्रू हे ठरवावयाचे, असे ते किचकट काम.

पण मित्र आणि शत्रू अशी वाटणी पक्ष्यांत होत नाही, ही खरी अडचण आहे. भोरडीचे उदाहरण घ्या. सोलापूर, विजापूर भागांत जोंधळ्याची कणसे भरू लागली की गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे उतरतात. शेतात माळा घालून, गोफण फिरवून, हाऱ्या घालून पोरे दिवसभर राखण करतात. एक थवा उठवावा तो दुसरा बसतो. त्या शेतकऱ्याला भोरडी मित्र आहे असे सांगण्यास जाणारा माणूस धाडसी म्हटला पाहिजे. परंतु हाच पक्षी उन्हाळ्यात मध्य आशियात जातो. तेथे टोळ जेथे विपुल तेथे दगडांच्या सांदीत हजारोंनी घरटी करतो आणि पिलांना टोळांवर वाढवितो. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर त्याने यावे म्हणून कुरणांत मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. पक्षी तोच, आणि वर्षही तेच. माळ्यावरच्या पोराने ज्याला दगड मारला, त्याच्यासाठी हजारो मैलांवर कोणी दगडांचे घर रचीत आहे. पक्ष्याच्या वागणुकीचा शेरा एका तालुक्याच्या दप्तरावरून लिहिता येत नाही.

त्या चीनमध्येच बुर्बोंच्या गोष्टीची फार मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती झाली. १९५८ साली उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या चार उपद्रवांविरुद्ध तेथे मोहीम निघाली. चिमणी धान्य खाते हे खरेच आहे. लोकांनी थाळ्या, ढोल बडवून चिमण्यांना बसू दिले नाही. दमून त्या आकाशातून खाली पडत. चेंग त्सो-शिन यांच्यासारखे पक्षिशास्त्रज्ञ चिमण्यांच्या पोटातील अन्न तपासून सांगत होते की पिलांच्या दिवसांत चिमणी मुख्यतः किड्यांवर जगते. १९६० साली यादीतून चिमणीचे नाव काढून ढेकणाचे घातले. दरम्यान टोळ व इतर किडी वाढल्या होत्या. त्या वर्षांतील भयंकर दुष्काळाचे सर्व खापर चिमण्यांच्या कत्तलीवर फोडणे बरोबर नाही. त्याची मुख्य कारणे राज्यकारभारात होती. पण भर पडली, हे खरे.

या सर्व अनुभवातून कीटकशास्त्र एक धडा शिकले, आणि तो हेब्बाळसारख्या ठिकाणी आज नियम म्हणून पाळला जातो. परदेशातून रक्षक आणावयाचा तर तो सर्वभक्षी नको. ज्याचा आहार एकच आहे असाच आणावा. २००८ साली तमिळनाडूत पपईवरील एक पांढरा पिठ्या ढेकूण दिसला आणि बघता बघता पपई, तुती, भेंडी यांवर पसरला. रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावणारे शेतकरी हवालदिल झाले. २०१० साली बंगळूरच्या या संस्थेने पोर्टो रिकोहून त्या ढेकणाचेच परोपजीवी असे तीन सूक्ष्म कीटक मागविले. ते बंदिस्त जागेत ठेवून, दुसऱ्या कशावर ते जगत नाहीत ना याची खात्री करून, मग शेतांत सोडले. वर्षा-दोन वर्षांत पिठ्या ढेकूण आटोक्यात आला. तो कीटक ढेकूण नसला तर उपाशी मरतो. साळुंकीचे तसे नाही. टोळ नसले तर ती पेरू खाईल, पेरू नसला तर दुसऱ्याचे घरटे बळकावील, आणि काहीच नसले तर उपाहारगृहाच्या मागच्या दारी उभी राहील. जगातील शंभर अति उपद्रवी परक्या जीवांची जी यादी सन २००० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने केली, तीत पक्षी अवघे तीन आहेत. त्यांत आपली साळुंकी आहे, आणि आपला लालबुड्या बुलबुलही.

म्हणजे कीटकभक्षक पक्ष्याचा शेतीस उपयोग नाही काय? मला वाटते, चूक पक्ष्याची नव्हती. त्याला त्याच्या घरातून उचलून नेण्यात होती. स्वतःच्या मुलखात साळुंकीला ससाणा आहे, शिक्रा आहे, साप आहे, ढोलीसाठी भांडणारा पोपट आहे. तेथे ती बेसुमार वाढत नाही, आणि आपले काम करते. सालिम अलींनी आपल्या पुस्तकात साळुंकीच्याच कुळातील युरोपीय पक्ष्याविषयी एक आकडा दिला आहे. पिले घरट्यात असताना ही जोडी दिवसातून सुमारे ३७० वेळा भक्ष्य घेऊन येते. कीटकनाशके आल्यावर हा हिशेब आपण विसरलो. १९६२ साली रेचेल कार्सनबाईंनी अमेरिकेत त्याची आठवण करून दिली, तोवर औषधाने किड्यांबरोबर पक्षीही मरू लागले होते.

येथे पक्ष्यांच्या बाजूने अतिशयोक्ती करण्याचेही कारण नाही. सागाच्या जंगलात पावसाळ्याच्या तोंडी पाने खाणाऱ्या अळीचा उद्रेक होतो, तेव्हा आठ-दहा दिवसांत झाडांच्या नुसत्या शिरा उरतात. कोतवाल, साळुंक्या, कावळे तेथे गर्दी करतात. पण किड्याची पिढी तीन-चार आठवड्यांत होते आणि पक्ष्याची वर्षातून एकदा-दोनदा. ती शर्यत पक्षी जिंकू शकत नाहीत. त्यांचे काम उद्रेकाच्या आधीचे आहे. किडी थोड्या असतात तेव्हा त्यांना थोड्याच ठेवावयाचे, एवढेच. हे काम डोळ्यांना दिसत नाही. जे संकट आलेच नाही त्याची नोंद कोण करणार? डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील बीसन यांनी १९४१च्या आपल्या ग्रंथात हीच दृष्टी ठेवली होती. नुसता साग लावू नका, खालची झुडपे साफ करू नका, मधून मधून मूळच्या जंगलाचे पट्टे राखा, म्हणजे किडींचे शत्रू तेथे नांदतील. नुसत्या सागाच्या रांगेत सातभाईंनी राहावे कोठे?

शेताचेही तेच आहे. बंगळूरच्या आसपास नाचणीच्या शेतात मधून मधून तूर, पावटा, एरंडी यांच्या ओळी घालण्याची जुनी रीत आहे. तिला कन्नडात अक्कडी सालू म्हणतात. उंच ओळीवर कोतवाल बसतो आणि खालच्या पिकातून उठलेला पतंग हवेतच टिपतो. आपल्याकडे हरभरा पेरताना बियांत मूठभर ज्वारी मिसळावी, असा सल्ला कृषिविद्यापीठे देतात. ज्वारीची ताटे वर येतात, त्यांवर पक्षी बसतात, आणि घाटे अळी वेचतात. ज्यांनी ज्वारी पेरली नाही, त्यांनी काठीवर आडवी काठी बांधून शेतात रोवावी. तिला पक्षीथांबा म्हणतात. दख्खनी जोंधळ्यावर जो बिनपंखी नाकतोडा पडतो, त्याचा म्हैसूर संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यास केला होता. १९१० साली त्याला शास्त्रीय नावही त्यांच्यावरूनच 'कोलमॅनिया' असे मिळाले. त्याची अंडी जमिनीत असतात. नांगर चालला की ती उन्हाला आणि पक्ष्यांना उघडी पडतात. नांगरामागून बगळ्यांची आणि साळुंक्यांची रांग चालते ती यासाठी. बुर्बोंच्या लोकांनी पाहिले ते हेच दृश्य असावे. उकरलेल्या जमिनीत चोच घालणारा पक्षी त्यांनीही पाहिला. चोचीत काय आहे, ते मात्र पाहिले नाही.

पक्षीथांबा हा उपाय चांगलाच आहे. पण काठीवर पक्षी दिवसा बसतो. रात्री त्याला झाड लागते, आणि विणीच्या दिवसांत ढोली असलेले जुने झाड लागते. काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या रुंदीकरणासाठी तोडावयाच्या झाडांची यादी माझ्या टेबलावर आली होती. क्रमांक, जात, बुंध्याचा घेर, उंची, लाकडाची अंदाजी किंमत असे पाच रकाने. त्यांत एक जुना वड होता. जात वड, लाकूड जळाऊ, किंमत नाममात्र. मी तो पाहण्यास संध्याकाळी गेलो. त्यावर साळुंक्या, कावळे आणि पोपट यांची अशी गर्दी लोटली होती की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. दोन्ही बाजूंस नाचणी उभी होती. दुसऱ्या दिवशी मी समासात लिहिले की हे झाड आसपासच्या शेतांतील कीटकभक्षक पक्ष्यांचे रात्रीचे वसतिस्थान आहे, तरी रस्ता थोडा वळविता येईल काय हे पाहावे. फाइल तीन आठवड्यांनी परत आली. समासात माझ्या शेऱ्याखाली दुसऱ्या हाताने एकच ओळ होती: सदर बाब कोणत्या रकान्यात दाखवावी?

मी अजून उत्तर लिहिलेले नाही. वड उभा आहे, कारण रस्त्याचे पैसे अद्याप मंजूर झालेले नाहीत.